हॉल १० बाय १५, बजेट ५० हजार, टीव्ही कुठला घ्यावा?

प्रश्न असा आलाय की चिपळूणला घर आहे, हॉल १० बाय १५, सध्या ३२ इंची जुना एलईडी आहे, बजेट ४५ ते ५० हजार. आई-बाबा दिवसभर मालिका नि बातम्या बघतात, रात्री नवरा-बायको ओटीटी, मुलगा क्रिकेटवाला. दुकानदार म्हणतो ६५ इंची घ्या, मेहुणे म्हणतात क्यूएलईडीच घ्या, ऑफिसातला मित्र म्हणतो ओएलईडीशिवाय काही घेऊच नका, आणि डिश साधी एसडीवाली आहे. शेवटचं वाक्य सहज जाता जाता लिहिलंय पण माझ्या मते सगळा प्रश्न तिथंच आहे.

मी कोकण पट्ट्यात टीव्ही विकतोही आणि उघडून दुरुस्तही करतो, त्यामुळे माझं मत दोन्ही बाजूंनी आलेलं आहे, शोरूमच्या काचेमागून आणि टेबलावर पालथ्या पडलेल्या टीव्हीच्या मागूनही. आधी उत्तर सांगून टाकतो, मग कारणं: ५५ इंच, ४के, व्हीए पॅनेल (पडद्याचा एक प्रकार, खाली सांगतो), सर्व्हिस तुमच्या गावात येते असा ब्रँड, आणि टीव्ही घरी यायच्या आधी डिशचा बॉक्स एचडी करून घ्या. ६५ नको, ओएलईडी नको, क्यूएलईडी मिळाला तर ठीक पण त्या नावासाठी जास्तीचे सात-आठ हजार घालू नका.

आता बॉक्सचं का म्हणतोय ते बघा. एसडी चॅनलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे साधारण चार लाख पंधरा हजार ठिपके. ४के टीव्हीच्या पडद्यावर ३८४० बाय २१६० म्हणजे ८३ लाखाच्या आसपास. बरोब्बर वीसपट. म्हणजे एसडी बॉक्स लावून ४के टीव्ही बघाल तेव्हा पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांपैकी एकच खरा आहे, बाकीचे एकोणीस टीव्हीनं अंदाजानं भरलेले. ३२ इंचीवर हे लपून जातं, ५५ वर सुनेच्या साडीचे काठ वितळल्यासारखे दिसतात आणि बातम्यांच्या खालच्या पट्टीतली अक्षरं फुगतात. मग फोन येतो, "अहो नवीन टीव्हीपेक्षा आमचा जुनाच बरा दिसायचा." खरंच बरा दिसायचा, त्यात त्यांची काही चूक नाही. फुल एचडीचे ठिपके २० लाख ७३ हजार, एसडीच्या पाचपट, आणि ४के त्याच्या चौपट. यातली एसडी ते एचडी ही उडी डोळ्याला लगेच कळते, पुढची उडी कळायला जवळ बसावं लागतं. झी मराठी, स्टार प्रवाह दोन्ही एचडीत आहेत, तुमच्या डिशवाल्याला फोन करून बॉक्स बदलून घ्या, महिन्याला थोडे पैसे वाढतील पण तुमच्या घरात दिवसाचे सात-आठ तास तेच बघितलं जाणार आहे. बॉक्स आला की तो एचडीएमआय केबलनंच जोडा, लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांनी नको. हे सांगायला लागतं कारण एचडी बॉक्स आणि जुनीच तीन पिनांची वायर असा संसार मी अजून घरोघरी बघतो, महिन्याला एचडीचे पैसे भरतात आणि बघतात एसडी. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट १०८०आय (म्हणजे एचडी) वर आहे ना तेही एकदा बघा, कधी कधी ते ५७६ वरच राहिलेलं असतं.

आणि हो, ४के चॅनल म्हणून डिशवर तुम्हाला रोजचं काही मिळणार नाही. ४के येतं ते इंटरनेटवरून. तिथंही अटी आहेत, नेटफ्लिक्सचा ४९९ चा प्लॅन फुल एचडीपर्यंतच, ४के हवं तर ६४९ चा प्रीमियम, आणि लाइन किमान १५ एमबीपीएसची, ती पण टीव्हीपर्यंत पोचलेली, राउटरपाशी मोजलेली नव्हे. जाड चिऱ्याच्या भिंतीपलीकडे वायफाय काय पोचतं ते तुम्हाला माहितीच आहे. शक्य असेल तर लॅनची केबल ओढून घ्या, नाहीतर राउटर हॉलमध्ये आणा.

साइजचं गणित. हॉल १० बाय १५ म्हणजे टीव्ही लांब भिंतीवर आणि सोफा समोरच्या लांब भिंतीला, असंच असणार बहुतेक. १० फुटातून सोफ्यावर टेकलेलं डोकं भिंतीपासून दीड फूट पुढं आणि टीव्ही मागच्या भिंतीपासून थोडा पुढं, म्हणजे डोळ्यापासून पडद्यापर्यंत आठ फूट, ९६ इंच. सिनेमावाल्यांच्या जगात दोन हिशोब चालतात, एकात अंतराला १.६ नं भागायचं, दुसऱ्यात १.२ नं. पहिल्यानं ६० इंच येतं, दुसऱ्यानं ८० इंच. म्हणजे कागदावर दुकानदार खोटं बोलत नाहीये, ६५ तुमच्या हॉलमध्ये बसतो. पण हा हिशोब सिनेमा बघणाऱ्याचा आहे, अंधारात, पूर्ण लक्ष देऊन. तुमच्याकडे दिवसभर भाजी निवडता निवडता मालिका चालणार आहे आणि त्याही डिशच्या सिग्नलवर. शिवाय ५० हजारात ६५ घेतला तर त्या साइजमधला खालच्या फळीतला मिळेल आणि त्याच पैशात ५५ चांगला मिळेल. पॅनेल जसं मोठं होतं तसा मागचा उजेड जास्त जागेत पसरवावा लागतो, आणि स्वस्त मॉडेलमध्ये कंपनी पहिली काटकसर तिथंच करते. ४३ म्हणाल तर आठ फुटावरून तो लहान वाटतो, दोन महिन्यांत तुम्हीच म्हणाल की एक साइज वरचा घ्यायला हवा होता. हे वाक्य मी जितक्या गिऱ्हाइकांकडून ऐकलंय तितकं दुसरं कुठलंच नाही.

घ्यायच्या आधी भिंतीवर मापून बघा. ५५ इंच हे कर्णाचं माप, रुंदी होते जवळजवळ १२२ सेंटीमीटर म्हणजे चार फूट, उंची ६९ च्या आसपास. वर्तमानपत्राची पानं चिकटवा तेवढ्या जागेत आणि दोन दिवस राहू द्या. जुनं टीव्ही युनिट असेल, ते मधोमध चौकोनी खण असलेलं, २१ किंवा २९ इंची डब्याच्या काळातलं, तर त्यात ३२ च्या वर काही जात नाही, मग सुताराचे पैसे वेगळे धरा. स्टँडवर ठेवणार असाल तर पायांमधलं अंतर बघा, हल्ली पाय अगदी दोन टोकांना असतात, टेबल साडेतीन फुटाचं असेल तर पाय हवेत.

आता पॅनेल, इथं जरा थांबू या कारण सगळा गोंधळ याच नावांचा आहे. तुमच्या बजेटमधले सगळे टीव्ही एलसीडीच आहेत, लेबलवर एलईडी लिहिलेलं असो, क्यूएलईडी असो की आणखी काही. पुढं द्रवाचा पडदा, मागं एलईडीचा उजेड. क्यूएलईडी म्हणजे त्या उजेडापुढं क्वांटम डॉटची एक फिल्म, त्यानं लाल नि हिरवा रंग जास्त शुद्ध येतो. रंग खरंच सुधारतात, पण काळा काळा होत नाही, कारण मागचा उजेड तसाच सगळीकडे लागलेला असतो. काळा सुधारायचा तर मागचा उजेड तुकड्यातुकड्यानं बंद-चालू करता आला पाहिजे, त्याला लोकल डिमिंग म्हणतात, आणि मिनी एलईडीमध्ये हे तुकडे शेकड्यांनी असतात. ५० हजाराच्या आत ५५ इंचीत बऱ्यापैकी लोकल डिमिंग क्वचित मिळतं, सेलमध्ये एखादा मिनी एलईडी त्या किमतीत उतरलेला सापडला तर मात्र मागंपुढं बघू नका, तो साध्या क्यूएलईडीपेक्षा कधीही सरस.

यापेक्षा जास्त फरक पडतो तो व्हीए की आयपीएस याचा, आणि हे डब्यावर कुठं लिहिलेलं नसतं. व्हीए पॅनेलचा काळा चांगला, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण ३००० ते ५००० ला एक, पण बाजूला बसून बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट १००० ला एकच्या आसपास, रात्री लाइट घालवून बघाल तर काळ्याच्या जागी राखाडी, पण कोपऱ्यातल्या खुर्चीवरूनही रंग तसेच. तुमच्याकडे सोफा सरळ समोर आहे आणि रात्री ओटीटी चालतं म्हणून व्हीए म्हणालो. आजी कॉटवरून तिरक्यात बघत असेल, किंवा स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं जात असेल तर आयपीएसचा विचार करा. दुकानात ओळखायची युक्ती सोपी आहे, टीव्हीच्या समोरून हळूहळू बाजूला सरकत जा, पडद्यावर माणसाचा चेहरा असेल असं बघा, चेहरा पांढुरका पडायला लागला की व्हीए, तसाच राहिला की आयपीएस. एक लक्षात ठेवा की एकाच मॉडेलमध्ये ४३ ला एक पॅनेल नि ५५ ला दुसरं असं सर्रास असतं, म्हणून ४३ वर परीक्षा घेऊन ५५ ची ऑर्डर देऊ नका.

ओएलईडीला नको म्हणालो त्याचं कारण तो वाईट आहे असं नाही. चित्र त्याच्याइतकं सुंदर कुणाचंच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो नि स्वतः विझतो, काळा म्हणजे खरोखर बंद. पण एक तर तो तुमच्या बजेटच्या दुप्पट जातो, आणि दुसरं म्हणजे आई-बाबांच्या बातम्या. वर कोपऱ्यात चॅनलचा लोगो, खाली लाल पट्टी, तीच जागा, तोच रंग, रोज सात-आठ तास, वर्षानुवर्षं. ओएलईडीतले ठिपके वापरानुसार म्हातारे होतात, सतत पेटलेले आधी थकतात, मग सिनेमा लावला तरी त्या पट्टीची सावली दिसत राहते. कंपन्यांनी ठिपके हलवायचे, लोगो मंद करायचे उपाय केलेत, पुष्कळ फरक पडलाय, तरी दिवसभर न्यूज चालणाऱ्या घरात मी तो देत नाही. एकटा माणूस, रात्री सिनेमे बघतो, हॉलला जाड पडदे, पैसे आहेत, त्याला ओएलईडी जरूर घ्यायला सांगतो.

हॉलमध्ये उजेड किती येतो ते प्रश्नात लिहिलेलं नाही. टीव्हीच्या समोरच्या भिंतीला खिडकी किंवा गॅलरीचं दार असेल तर चकचकीत पडद्यात दुपारी चारला तुम्ही स्वतःच दिसाल. अशा घरात ब्राइटनेस महत्त्वाचा, आणि स्वस्त ४के टीव्ही २५० ते ३५० निट्सचे (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) असतात, दिवसा भागतं पण जेमतेम. डब्यावर एचडीआर (उजेड-अंधारातले जास्त बारकावे असलेलं चित्र) लिहिलंय म्हणून भुलू नका, एचडीआरचा सिग्नल वाचता येणं वेगळं आणि तो दाखवता येणं वेगळं. ३०० निट्सच्या टीव्हीवर एचडीआर लावला की कित्येकदा चित्र उलट अंधारं दिसतं, लोकांना वाटतं टीव्ही बिघडला. ६०० निट्सच्या पुढं गेल्यावर एचडीआरला काहीतरी अर्थ येतो. डॉल्बी व्हिजन हवं की एचडीआर१० प्लस या एचडीआरच्याच दोन प्रकारांच्या भांडणात तर तुमच्या बजेटमध्ये पडूच नका. सॅमसंग डॉल्बी व्हिजन देत नाही हे खरं आहे, पण ३०० निट्सच्या पॅनेलवर त्यावाचून तुमचं काहीही अडणार नाही.

१२० हर्ट्झ, १४४ हर्ट्झ (सेकंदाला पडद्यावरचं चित्र किती वेळा बदलतं ते) हे मुलाचं डोकं खाणार आहे. घरात प्लेस्टेशन ५ वगैरे असेल तरच बघा, आणि मग त्या टीव्हीला एचडीएमआय २.१ चा पोर्ट आहे का तेही बघा, नाहीतर ४के ला १२० चालणार नाही. क्रिकेटसाठी ६० हर्ट्झ पुरतो. क्रिकेटमध्ये चेंडूमागं शेपूट दिसते ती पॅनेलच्या ढिलाईमुळं असते किंवा सिग्नल कमी दर्जाचा असल्यानं. व्हीएमध्ये ही शेपूट जरा जास्त असते, खोटं कशाला बोलू, पण आठ फुटावरून खटकण्याइतकी नाही. आणि मोशन नावाच्या सेटिंगनं सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो, क्रिकेटला ते चालू ठेवा, सिनेमाला बंद करा. बऱ्याच टीव्हीत आता फिल्ममेकर मोड असतो, तो लावला की हे सगळं आपोआप बंद होतं.

दुकानात जाल तेव्हा एक पेन ड्राइव्ह घेऊन जा. त्यात तुमच्या ओळखीचं काहीतरी ठेवा, रात्रीचा अंधारा सीन असलेला एखादा तुकडा आणि घरच्या लग्नाच्या व्हिडिओतले चेहरे. शोरूममध्ये जे चालू असतं ना, कापलेली फळं, पोपट, रंगीत फुगे, ते कुठल्याही टीव्हीवर सुंदरच दिसतं, त्याच कामासाठी बनवलेलं असतं. आणि टीव्ही असतो शॉप मोडवर, सगळं शंभरवर. दुकानदाराला म्हणा होम मोड करा आणि पिक्चर मोड स्टँडर्ड किंवा सिनेमा करा, मग तुमचा व्हिडिओ लावा. घरच्यांच्या कातडीचा रंग तुम्हाला माहीत असतो, तो टोमॅटोसारखा दिसला तर कळतं. त्यानंतर म्हणा की साधा एसडी चॅनल लावून दाखवा. चांगला प्रोसेसर असलेला टीव्ही वाईट सिग्नल किती सावरतो हे इथं दिसतं, आणि मोठ्या ब्रँडच्या टीव्हीला जे दोन-चार हजार जास्त मोजतो त्यातले बरेचसे याचेच असतात. दुकानदार थोडा कुरकुरेल, कुरकुरू द्या.

स्मार्टपणाबद्दल थोडक्यात. गूगल टीव्ही, वेबओएस, टायझन, कुठलाही घ्या, तुमची चारपाच अॅप सगळ्यांवर आहेत. फरक रॅमचा. एक किंवा दीड जीबी रॅमवाला पहिल्या वर्षी ठीक चालतो, मग अॅप जड होत जातात नि रिमोट दाबल्यावर चहा करून यावा लागतो, त्यामुळे दोन जीबी तरी बघा. अगदी स्लो झालाच तर एचडीएमआयला लावायची तीन-साडेतीन हजाराची स्ट्रीमिंग स्टिक घेता येते, म्हणून टीव्ही स्मार्टपणावर निवडू नका, चित्रावर निवडा. पण एक गोष्ट आई-बाबांसाठी जरूर तपासा, टीव्ही चालू केल्यावर सरळ डिशचा बॉक्स लागतो की अॅपची गर्दी असलेलं होम पेज येतं? पुष्कळ मॉडेलमध्ये सेटिंगमध्ये पॉवर ऑन केल्यावर शेवटचा इनपुट लावायची सोय असते, काहींत नसतेच. नसेल तर रोज दुपारी तुम्हाला ऑफिसात फोन येणार, "अरे ते चॅनलच गेलेत सगळे." सेटिंगमधलं एचडीएमआय सीईसी चालू केलं तर टीव्हीच्या रिमोटवर बॉक्सही पुष्कळदा चालतो, तेही करून द्या.

आवाज. पातळ टीव्ही, स्पीकर खाली नाहीतर मागं तोंड करून, त्यावर डॉल्बी अॅटमॉसचं (चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाचं) स्टिकर. २० वॉटच्या त्या दोन डब्यांतून अॅटमॉस कुठून येणार. बाबांना संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज चाळीसवर आणि जाहिरात लागली की घर हादरतं, हे ज्या घरात चालतं तिथं पाच-सहा हजाराचा साउंडबार टीव्हीच्या फीचरपेक्षा जास्त सुख देतो. टीव्हीच्या ज्या एचडीएमआयवर एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर काढणारा पोर्ट) लिहिलंय तिथंच तो जोडायचा, दुसऱ्यात जोडला तर आवाज येत नाही. ५० मधले ४३-४४ टीव्हीला नि उरलेले साउंडबारला असं वाटून घ्या असं माझं मत.

आता टेबलावर काय येतं ते सांगतो, कारण त्यावरून काय घ्यायचं आणि कसं वापरायचं दोन्ही कळतं. सगळ्यात जास्त येतो तो बॅकलाइट. गिऱ्हाईक म्हणतं आवाज येतो चित्र नाही. खोलीत अंधार करून पडद्याला मोबाइलचा टॉर्च तिरका लावला की आत चित्र हलताना अंधुक दिसतं, मालिका चालू असते बिचारी, फक्त मागचा उजेड गेलेला असतो. आत एलईडीच्या पट्ट्या असतात, एकेका पट्टीवर ओळीनं दिवे एकामागोमाग जोडलेले, त्यातला एक उडाला की ती ओळ जाते नि बरेच टीव्ही स्वतःहून सगळाच उजेड बंद करतात. दुसरा प्रकार म्हणजे पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसणं, चंद्रासारखे. प्रत्येक एलईडीवर उजेड पसरवायला प्लास्टिकचं छोटं भिंग चिकटवलेलं असतं, उष्णतेनं गोंद सुटतो, भिंग खाली पडतं नि त्या जागी नुसता एलईडी दिसायला लागतो. दोन्ही रोग उष्णतेचे, आणि उष्णता येते कुठून, तर टीव्ही आल्यापासून व्हिव्हिड मोडवर नि बॅकलाइट शंभरवर चालवल्यानं. पट्ट्या बदलता येतात पण त्यासाठी पुढचं काचेचं पॅनेल उचलून बाजूला ठेवावं लागतं, आणि ५५ इंची पॅनेल दोघांनी मिळून उचलताना जरा पीळ पडला तर संपलं. म्हणून पहिल्या दिवशी बॅकलाइट ६०-७० वर आणा, रात्री अजून कमी. डोळ्यालाही बरं वाटतं.

दुसरा नंबर पुसण्याचा. गणपती-दिवाळीच्या साफसफाईनंतर हमखास. पडद्यावर काच पुसायचा स्प्रे मारला, पाणी ओघळत खालच्या पट्टीत गेलं. तिथं पडद्याच्या काठाला फिल्मच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांवर चिप असते, केसापेक्षा बारीक तारा, त्यातून पडद्याला सिग्नल जातो. त्यात ओल गेली की गंज, आणि मग उभ्या रंगीत रेघा, किंवा अर्धा पडदा पांढरा. याला आमच्याकडं इलाज जवळजवळ नाही, पॅनेल बदलायचं म्हणजे नव्या टीव्हीच्या जवळपास जातं, वॉरंटीतही कंपनी ओल लागलीय म्हणून हात वर करते. कोकणातली खारी दमट हवा हेच काम हळूहळू करते, म्हणून पावसाळ्यात टीव्ही महिनाभर बंद ठेवू नका, गावचं घर बंद असेल तर कुणाला तरी आठवड्यातून तासभर लावायला सांगा, त्याच्या स्वतःच्या उबेनं ओल निघून जाते. पुसायचा कोरड्या मऊ फडक्यानं, फार तर फडकं किंचित ओलं करून, टीव्ही बंद असताना.

तिसरं वीज. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात दुकानात रांग लागते. लोक प्लग काढतात पण डिशची वायर नि लॅनची केबल तशीच ठेवतात, वीज तिकडून येते, एचडीएमआय पोर्टसकट मेन बोर्ड जातो. गडगडायला लागलं की तिन्ही काढा. स्टॅबिलायझर लागत नाही हल्ली, टीव्हीचा सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो, पण खांबावरची न्यूट्रल तुटली तर घरात साडेतीनशेच्या वर व्होल्टेज येतं, त्याला टीव्हीचा सप्लाय टिकत नाही. जादा व्होल्टेजला लाइन तोडणारं संरक्षण इलेक्ट्रिशियनकडून मेन बोर्डात बसवून घ्या, फ्रिज पण वाचेल. अर्थिंग आहे का तेही त्याच दिवशी बघून घ्या. विजेचं बिल म्हणाल तर ५५ इंची साधारण १२० वॉट धरा, रोज आठ तास म्हणजे महिन्याला २८-२९ युनिट, त्याची काळजी करण्यासारखं काही नाही.

भिंतीवर की स्टँडवर, हे चिपळूणकरांना २०२१ च्या जुलैमधल्या महापुरानंतर मी सांगायची गरज नाही, भिंतीवरच लावा. पण जांभ्याच्या चिऱ्याची भिंत असेल तर इन्स्टॉल करणाऱ्याच्या पिशवीतले बारीक प्लग चालत नाहीत, चिऱ्यात पोकळ्या असतात, प्लग जागेवर फिरतो. १० एमएमचे लांब अँकर आणून ठेवा आणि दोन चिऱ्यांच्या सांध्यात भोक पाडू देऊ नका. हलक्या सिमेंटच्या ब्लॉकची भिंत असेल तरी तेच, लांब अँकर. उंची बघून लावा, सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साडेतीन फुटावर येतात, टीव्हीचा मध्य त्याच्या आसपास. दाराच्या चौकटीला लेव्हल करून सहा फुटावर टांगलेले टीव्ही बघून बघून लोकांच्या माना धरतात आणि व्हीए पॅनेल खालून बघितलं तरी फिकं दिसतं.

किमतीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, म्हणजे मूळ भाव तोच असेल तर आधीचा ५० हजाराचा टीव्ही ४६ हजाराच्या आसपास यायला हवा. जुन्या छापील किमतीवरून सूट दाखवत असतील तर हे डोक्यात ठेवा. मॉडेल कुठल्या सालचं आहे ते विचारा, एलजीच्या साध्या ४के मालिकेत यूआर म्हणजे २०२३, यूटी म्हणजे २०२४, यूए म्हणजे २०२५, सॅमसंगचंही असंच अक्षर पुढं सरकत जातं, सीयू, मग डीयू. आदल्या वर्षीचं मॉडेल स्वस्तात मिळत असेल तर बिनधास्त घ्या, साध्या मालिकेत वर्षावर्षाला फारसं काही बदलत नाही, पण नवीन म्हणून नव्या भावात खपवू देऊ नका. मागच्या स्टिकरवर उत्पादनाचा महिना असतो तोही बघा. ऑनलाइन सेलमधलं मॉडेल आणि दुकानातलं मॉडेल यांच्या नावात एका अक्षराचा फरक दिसला तर पोर्ट आणि रॅम दोन्हीकडचे ताडून बघा, एखादा एचडीएमआय कमी सापडतो. नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते, अगदीच शून्य नसतं ते.

वॉरंटी वाढवून घ्यायची तर कंपनीची स्वतःची घ्या, पॅनेलसकट आहे असं लिहिलेलं. दुकानाच्या तिसऱ्याच कुणाच्या तरी कार्डावर नाही, क्लेमच्या वेळी त्यातली बारीक अक्षरं वाचताना लोक माझ्यासमोर बसलेले असतात. आणि ब्रँड ठरवण्याआधी कंपनीच्या नंबरवर फोन लावून आपला पिनकोड सांगा, विचारा माणूस कुठून येतो. रत्नागिरी किंवा चिपळूणहून येत असेल तर ठीक, कोल्हापूर-पुण्याहून येतो म्हणाले तर स्वस्तातला स्वस्त असला तरी सोडा.

टीव्ही घरी आला की डबा स्वतः उघडू नका, कंपनीचा माणूस आल्यावर त्याच्यासमोर उघडा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. आडवा ठेवू देऊ नका, टेम्पोतून आडवा आला असेल तर तिथंच शेरा मारून घ्या. लावल्यावर पेन ड्राइव्हवरून आधी पूर्ण पांढरा, मग लाल, हिरवा, निळा, काळा असे फोटो लावून मेलेला ठिपका किंवा कोपऱ्यात उजेडाचे ढग आहेत का ते रात्री अंधारात बघा, ऑनलाइन घेतला असेल तर बदलून द्यायचे दिवस मोजकेच असतात. बिलावर सिरियल नंबर छापलेला हवा. डबा नि थर्मोकोल महिनाभर माळ्यावर राहू द्या. तक्रार केली आणि कुणी दाद देईना तर १९१५ ही सरकारी ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं नोंदवा, कंपन्या त्यानंतर लवकर हलतात असा माझ्या गिऱ्हाइकांचा अनुभव आहे. खिडकी कुठल्या बाजूला आहे आणि भिंत चिऱ्याची आहे की विटांची तेवढं कळवा, मग मॉडेलची नावं सांगतो.